मुलांच्या शाळेच्या कागदांचे घरात नेमके काय करावे?

अबोली
नमस्कार मंडळी. मुलीची चौथी आणि मुलाची आठवी संपली. 1 मे रोजी दोघांची निकालपत्रे हाती आली आणि त्यांबरोबर घरातला जुना प्रश्न पुन्हा वर आला. ठाण्यातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात शाळेच्या कागदांसाठी कपाटाचा एक खण आणि पलंगाखालची एक पेटी एवढीच जागा आहे, आणि दोन्ही तुडुंब भरली आहेत. प्रगतिपुस्तके, घटक चाचण्यांच्या उत्तरपत्रिका, शुल्काच्या पावत्या, स्नेहसंमेलनाची प्रमाणपत्रे, चित्रे, प्रकल्पांच्या फायली, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका आणि कशाविषयी होत्या हे आता कोणालाही सांगता येणार नाही अशा सूचनांचे कागद असे सर्व त्यांत एकत्र नांदते आहे. अपार क्रमांकासाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी, शाळेने मुलाची कागदपत्रे मागितली, तेव्हा जन्मदाखला शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

कोणते कागद कायमचे ठेवावेत, कोणते वर्षभर पुरेत आणि कोणते त्याच दिवशी रद्दीत टाकावेत, हा माझा प्रश्न आहे. कृपया ‘चांगल्या फायली आणा’ असा सल्ला देऊ नये. फायली पुष्कळ आहेत. त्यांत काय घालावे, तेच ठरत नाही. 15 जूनला शाळा उघडण्यापूर्वी हे आवरण्याचा विचार आहे.

काटकसर
उत्तर सोपे आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे, तसेच जातीचा दाखला असल्यास तो, एवढे एका फायलीत मावते. उरलेले सर्व रद्दीवाल्याला द्यावे. तिसरीच्या परिसर अभ्यासाची उत्तरपत्रिका आजवर कोणत्याही कार्यालयाने मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

फाईलवाला
काटकसर यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. आयुष्य सरकारी कार्यालयात गेल्यामुळे कागदाकडे पाहण्याची एक खोड मला लागली आहे. कागद महत्त्वाचा आहे का, असे मी विचारत नाही. हा कागद उद्या मागणार कोण आणि तो हरवला तर दुसरा देणार कोण, हे दोन प्रश्न विचारतो. मागणारा आहे आणि दुसरी प्रत मिळणे कठीण आहे, तो कागद जपावा. मागणारा आहे, पण प्रत सहज मिळते, त्याची छायाप्रत पुरते. शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र हे याचे उदाहरण. ते दरवेळी ताजेच लागते, त्यामुळे जुनी बोनाफाईड प्रमाणपत्रे साठवण्यात काहीच अर्थ नाही. मागणारा कोणीच नाही, असा कागद फक्त आपल्या हौसेचा असतो आणि हौसेला जागेची मर्यादा घालणे भाग आहे.

जाता जाता सांगतो. आमच्या घरी ‘माझा आवडता पक्षी’ या निबंधाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. इयत्ता वाढत गेली तसे निबंधाचे शुद्धलेखन सुधारले, मोर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच राहिला. त्यांतली एकच आवृत्ती ठेवली आहे.

खडू_फळा
मी जिल्हा परिषदेच्या आणि नंतर एका खासगी अनुदानित शाळेत शिक्षक व मुख्याध्यापक म्हणून काम केले आहे, त्यामुळे शाळेच्या बाजूने थोडे लिहितो.

पालकांना आज कागद जास्त वाटतात याचे एक कारण मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे दोन भाग झाले. आकारिक भागात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय अशी साधने होती. पहिली-दुसरीत आकारिकचा भार 70 टक्के होता आणि सातवी-आठवीत तो 40 टक्क्यांवर येत असे. म्हणजे मूल जितके लहान, तितके उपक्रम आणि प्रकल्प अधिक, आणि अर्थातच घरी परत येणारा कागदही अधिक. तो कागद वर्गशिक्षकाने नोंद घेतली की मूल्यमापनाच्या दृष्टीने कामाचा राहत नाही. त्या नोंदी प्रगतिपत्रकात उतरलेल्या असतात.

शाळेकडे जे कायमस्वरूपी राहते ते जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक हे सर्व त्यात असते, आणि शाळा सोडल्याचा दाखला हा त्याच नोंदीचा उतारा असतो. म्हणून प्रगतिपुस्तकावर किंवा दाखल्यावर असलेला रजिस्टर क्रमांक पालकांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवावा. पुढे कधीही प्रत काढायची झाल्यास नावापेक्षा तो क्रमांक सांगितला की काम लवकर होते.

अबोलीताई, आपल्या दोन मुलांबाबत नेमके सांगायचे तर मुलाच्या आठवीच्या निकालपत्रकाला आता पूर्वीपेक्षा अधिक वजन आहे, कारण 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली असून अनुत्तीर्ण झालेल्यांना पुनर्परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते आणि त्यासाठी सातवीला साधारणपणे किमान 55 टक्के गुण लागतात. त्यामुळे अनुदानित किंवा सरकारी शाळेतील मुलांनी सातवीचे प्रगतिपत्रक आठवी संपेपर्यंत तरी हाताशी ठेवावे. मुलीच्या चौथीच्या घटक चाचण्या मात्र आपण निश्चिंतपणे सोडून द्याव्यात.

मगरपट्टा
2026 मध्ये आपण अजून पेट्यांविषयी बोलत आहोत, याचे मला नवल वाटते. प्रत्येक कागद घरी आल्या दिवशी भ्रमणध्वनीने स्कॅन करावा आणि मूळ कागद टाकून द्यावा. फायलीच्या नावात आधी वर्ष, मग इयत्ता, मग विषय लिहिला की शोधायला काही क्षण पुरतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन दस्तऐवज-पेटीत, मिळतातच. पेटी विकून टाका.

फाईलवाला
मगरपट्टा, आपल्या सल्ल्यात एक फरक निसटला आहे आणि तो फार महागात पडू शकतो. डिजिलॉकरमध्ये मंडळाने किंवा शासकीय विभागाने स्वतः दिलेला दस्तऐवज आणि आपण घरून चढवलेले छायाचित्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 2016 च्या नियमांनुसार पहिल्या प्रकाराला मूळ कागदाइतकीच मान्यता आहे, दुसऱ्याला नाही. आपण चढवलेला दाखला तिथे सुरक्षित राहील, परंतु कार्यालयातला माणूस ‘मूळ दाखवा’ असेच म्हणणार. स्कॅन करा, जरूर करा. मात्र ज्यावर ओला शिक्का आणि सही आहे तो कागद टाकू नका.

मगरपट्टा
मान्य आहे. शिक्क्याचे कागद वगळून माझे म्हणणे कायम ठेवतो. चित्रे आणि निबंध यांचे स्कॅन किमान 300 डीपीआयवर करावे, आणि चित्राचे छायाचित्र घ्यायचे असल्यास खिडकीजवळ, थेट ऊन नसताना घ्यावे, एवढी भर घालतो.

संत्रानगरी
काटकसर यांनी सांगितलेल्या यादीने आमच्या घराची फार मोठी अडचण झाली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

जातवैधता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, अर्ज करताना मुलाची कागदपत्रे दुय्यम ठरतात. वडील, आजोबा आणि शक्य असल्यास पणजोबा यांच्या शाळेच्या नोंदी मुख्य ठरतात. त्या नोंदी ठरावीक तारखेच्या आधीच्या असाव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 अशी आहे. आमच्या आजेसासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण स्वतःच्या यजमानांचा प्राथमिक शाळेचा दाखला त्यांनी लुगड्याच्या घडीत, लोखंडी ट्रंकेत जपून ठेवला होता. त्यावर सासऱ्यांचे, दोन्ही दिरांचे आणि आता माझ्या मुलीचे काम झाले. ज्या गावातली ती शाळा होती, तिथे जुनी रजिस्टरे ओलीने गेलेली आहेत. आमच्या शेजारच्या कुटुंबाला तोच उतारा मिळवण्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत अनेक खेपा घालाव्या लागल्या.

तेव्हा मुलांचे कागद म्हणजे केवळ मुलांचे कागद, असे समजू नये. त्याच फायलीत आई-वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले ठेवावेत. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र झालेले असल्यास त्याची प्रतही तिथेच असावी, कारण त्याने पुढच्या अर्जाचे काम बरेच हलके होते.

खडू_फळा
संत्रानगरी यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू केले, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचू शकणाऱ्या माणसांना अनेक जिल्ह्यांत एकाएकी मागणी आली. घरात आजोबा-पणजोबांचा मोडीतला कागद असेल, तर तो वाचता येत नाही म्हणून टाकू नये.

नावाविषयीही सांगायला हवे. अपार क्रमांक तयार होण्यासाठी शाळेतील नाव आणि आधारवरील नाव जुळावे लागते, आणि पुष्कळ घरांत इथेच गाडी अडते. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे, त्यामुळे एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या भावंडांच्या कागदांवर नावे निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेली असू शकतात. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधील चूक दुरुस्त होण्याचा मार्ग तुलनेने सरळ आहे. शाळा सोडल्यानंतर तो फार अवघड होतो. म्हणून कागद लावायला बसाल तेव्हा ते केवळ लावू नका. प्रत्येकावरचे स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून पाहा.

वाशिष्ठी
मी चिपळूणची आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते, त्यामुळे ‘कुठल्या फायलीत’ यापेक्षा ‘किती उंचावर’ हा प्रश्न मला आधी सुचतो.

पाणी ओसरल्यावर कागद बाहेर काढले तेव्हा जे दिसले ते सांगते. मुलाची तैलखडूने काढलेली चित्रे चिखल धुतल्यावर बऱ्यापैकी शाबूत होती, कारण मेणाला पाणी लागत नाही. स्केचपेनची चित्रे पूर्ण वाहून गेली होती. बॉलपेनचे अक्षर राहिले, शाईपेनचे गेले. लेझर छपाईची गुणपत्रिका वाचता येत होती, इंकजेटवर छापलेले प्रमाणपत्र निळ्या डागापलीकडे काही उरले नव्हते. टाचण्या आणि स्टेपल यांचा गंज मात्र सगळीकडे पसरला होता. तेव्हापासून घरात कागदाला टाचणी लावत नाही, सुती दोऱ्याचा टॅग वापरते.

ओल्या कागदांचा गठ्ठा हाती आल्यास पाने ओढून सुटी करू नयेत, ती फाटतात. गठ्ठा आडवा ठेवून, थोडी थोडी पाने जशी सुटतील तशी त्यांच्यामध्ये कोरा टिपकागद घालावा आणि सावलीत पंख्याखाली वाळवावा. उन्हात ठेवल्यास कागद वेडावाकडा होतो आणि चिकटतो. सगळे एकाच वेळी करणे जमणार नसेल तर उरलेला गठ्ठा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवड मिळते. आम्हाला तेव्हा वीजच नव्हती, हा भाग वेगळा.

पूर नसला तरी कोकणातल्या पावसाळ्यात ओल असतेच. बाजारातील स्वस्त, मऊ आणि वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात. त्यांत छापील कागद काही वर्षे राहिला की अक्षरे पिशवीला चिकटून निघतात. पॉलिप्रॉपिलिनच्या किंचित कडक आणि बिनवासाच्या पिशव्या घ्याव्यात. सेलोटेप कोणत्याही जपायच्या कागदाला लावू नये. ती पिवळी पडते आणि कागदालाही डाग देते.

घाटमाथा
आमच्याकडे पावसाळ्यात कपाटात लहान दिवा लावून ठेवण्याची पद्धत होती. कसर आणि वाळवीसाठी सुका कडुनिंबाचा पाला व वेखंड घालत असू.

वाशिष्ठी
वेखंड आणि पाला यांना हरकत नाही, मात्र पाला नीट सुकलेला हवा, नाहीतर तोच ओल आणतो. दिव्याला माझा ठाम विरोध आहे. कागदांनी भरलेल्या बंद कपाटात तापलेला दिवा ठेवण्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि कोरड्या दिवशी कपाट उघडे टाकावे. वाळवीसाठी पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकू न देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. अबोलीताई, आपली पेटी पलंगाखाली आहे म्हणून विशेषत्वाने लिहिले.

काटकसर
पुराचे आणि वैधतेचे मान्य. माझ्या यादीत आजोबांचा दाखला वाढवतो. परंतु या धाग्याचा कल पाहता सगळेच कागद कधीतरी उपयोगी पडतील, असा निष्कर्ष निघू लागला आहे आणि माझा विरोध त्यालाच आहे. ‘कधीतरी लागेल’ या वाक्यावर मराठी घरांत अर्धे माळे भरलेले आहेत. शुल्काच्या पावत्या सांगतो. आयकराच्या जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते, म्हणून पावती जपली तर समजू शकतो. पण नवी प्रणाली निवडलेल्या माणसाला ती वजावट मिळतच नाही, तरीही बालवाडीपासूनच्या पावत्यांचा हार करून ठेवलेला मी पाहिला आहे.

फाईलवाला
पावतीविषयी एवढेच की, काही शाळांत लहान यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती देतात. ती उष्णतेने छापलेली असते आणि वर्ष-दोन वर्षांत कोरी होते. ती जपायची असल्यास त्याच आठवड्यात तिची छायाप्रत काढावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बालशिक्षण भत्त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते. ते वर्षअखेरीस मागून घेतले की वेगवेगळ्या पावत्यांचा खटाटोप उरत नाही.

सातासमुद्रापार
काटकसर यांच्या यादीत एक मोठी उणीव राहिली आहे. बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचा असल्यास तिथली विद्यापीठे सहसा नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे नववीला कोणी मोजत नाही, आणि दहावीची गुणपत्रिका हाती आली की नववीचे प्रगतिपत्रक बेपत्ता होते. माझ्या भाच्याला ते शाळेकडून मिळवावे लागले. सुदैवाने शाळेने निकालाच्या नोंदी ठेवल्या होत्या. दुसरा कागद लसीकरणाचा. तान्हेपणीचे ते कार्ड विद्यापीठात प्रवेश घेताना पुन्हा लागते, विशेषतः गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या मात्रांच्या तारखा. त्या कार्डाची जागा शाळेच्या फायलीतच असावी, कारण पहिलीच्या प्रवेशानंतर ते आईच्या औषधांच्या डब्यात जाते आणि तिथेच राहते.

काटकसर
नववी मंजूर. यादी वाढत चालली आहे याची मी नोंद घेतो.

मंदारमाला
इथे सर्वांनी उत्तरपत्रिका आणि वह्या रद्दीत काढल्या आहेत, म्हणून एक वेगळा अनुभव लिहिते.

माझ्या मुलाला वाचन-लेखनाची अक्षमता आहे, हे पाचवीत लक्षात आले. तोवर ‘अभ्यासात लक्ष नाही, अक्षर घाणेरडे आहे’ असेच शेरे होते. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. तिथे गेल्यावर आमच्याकडे मुलाच्या जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तके मागण्यात आली. एकाच प्रकारच्या चुका, उलटी अक्षरे, गाळलेल्या वेलांट्या आणि फळ्यावरून उतरवताना सुटलेल्या ओळी दुसरीपासून कशा चालत आल्या आहेत, हे त्या वह्यांतून दिसले. त्या प्रमाणपत्रामुळे दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि आवश्यकतेनुसार लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. एरवी आपण नीटनेटक्या वह्या जपतो आणि वाईट अक्षराच्या टाकून देतो; आमच्या बाबतीत नेमक्या वाईट अक्षराच्या वह्याच कामी आल्या. मूल कुठेतरी अडखळते आहे अशी शंका असेल, तर प्रत्येक वर्षाची भाषेची आणि गणिताची एक-एक वही ठेवावी. शंका नसेल तर ठेवण्याचे कारण नाही.

अबोली
मंदारमालाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नसता.

विशीतली
मी कदाचित या धाग्यावरची सर्वांत लहान सदस्य असेन, म्हणून ज्यांचे कागद आहेत त्यांच्या बाजूने बोलते. माझ्या आईने माझ्या पहिलीपासूनच्या उत्तरपत्रिका जपल्या आहेत आणि पाहुणे आले की त्यांतली गणिताची एक ठरावीक उत्तरपत्रिका बाहेर निघते. सर्वांना हसू येते. मला येत नाही. उत्तरपत्रिका ठेवायची की नाही, हे मूल पाचवी-सहावीत गेले की त्यालाही विचारावे. चित्रांचेही तसेच आहे. जी चित्रे माझ्या आईला फार आवडतात ती बाईंनी फळ्यावर काढून दिलेली आहेत आणि सबंध वर्गाने तीच काढली होती. मी स्वतःच्या मनाने, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर काढलेली चित्रे रद्दीत गेली.

फाईलवाला
गणिताच्या वहीच्या मागच्या पानांचे जतन हा स्वतंत्र विभाग करावा, असा प्रस्ताव मी मांडतो. माझ्या त्या पानांवर वर्गशिक्षकांची व्यंगचित्रे होती, आणि ती वेळीच रद्दीत गेली म्हणून माझा दाखला स्वच्छ राहिला.

खडू_फळा
फाईलवाला, ती आम्ही पाहिलेली असत. सर्वच शिक्षक वही मागून उघडतात.

विशीतली यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. वर्गात भिंतीवर लावण्यासाठी चित्र निवडायला सांगितले की मुले बहुधा मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळेच चित्र निवडून देतात, आणि त्याचे कारणही सांगतात. ते कारण चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून, खाली इयत्ता घातली की त्या कागदाला खरी किंमत येते. नाव आणि वर्ष नसलेले चित्र पुढे थोरल्याचे की धाकटीचे, यावरून घरात वाद होतो.

सावंतवाडी_एक्सप्रेस
थोडे विषयांतर होईल, पण 2023-24 पासून बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांनंतर वहीची कोरी पाने जोडली होती, त्या पुस्तकांचे काय करावे? पूर्वी पुस्तके धाकट्या चुलत भावंडांना जात. आता अर्धे पुस्तक लिहून भरलेले आहे. ते पुस्तक म्हणून देता येत नाही आणि वही म्हणून टाकायला हात धजत नाही.

काटकसर
रद्दी. आनंदाने रद्दी.

खडू_फळा
पुढच्या इयत्तेत उजळणीसाठी गणित आणि विज्ञान यांची पुस्तके एक वर्ष ठेवावीत. नंतर काटकसर यांचे ऐकावे.

अबोली
सर्वांचे वाचून काल दुपारी मुलांना घेऊनच बसले. आमचे जे ठरले ते लिहिते. कोणाला खटकल्यास सांगावे.

फाईलवाला यांचे दोन प्रश्न कसोटी म्हणून धरले. ज्याला मागणारा आहे आणि ज्याची दुसरी प्रत मिळणे कठीण, असे सर्व एका बटणाच्या फोल्डरमध्ये गेले. त्यात दोघांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डे, आमच्या दोघांचे आणि सासऱ्यांचे शाळेचे दाखले आहेत. हे फोल्डर कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवले आहे. मुलाची सातवीपासूनची प्रगतिपत्रके त्यातच पुढे जमा होतील. दोघांचे रजिस्टर क्रमांक आणि नावांचे स्पेलिंग एका कागदावर लिहून आतल्या बाजूला लावले. ते लिहिताना मुलीच्या आधारवर आणि प्रगतिपुस्तकावर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक सापडला आहे, तो शाळा उघडताच दुरुस्त करून घेईन.

चालू वर्षाचे कागद दाराजवळच्या एका उघड्या ट्रेमध्ये राहतील आणि दिवाळीच्या सुट्टीत व 1 मे नंतर असे दोनदा तो रिकामा होईल. चित्रांसाठी प्रत्येकाला एक पेटी दिली आहे. ती भरली की नवे ठेवण्यासाठी जुने काढायचे आणि ते ज्याचे त्याने ठरवायचे. मुलीने पहिल्याच फेरीत मला फार आवडणारा कागदी मोर टाकून दिला आणि नुसत्या रेघोट्यांचे एक पान ठेवले. कारण विचारल्यावर तो पाऊस असल्याचे कळले. मोराचे छायाचित्र मी गुपचूप काढून ठेवले आहे, एवढी मुभा मला असावी.

अडचण उरली ती प्रकल्पांची. थर्माकोलचा किल्ला, काड्यांची पवनचक्की आणि ज्वालामुखी यांना फोल्डर नाही.

घाटमाथा
ज्वालामुखी प्रत्येक घरात निद्रिस्त अवस्थेत माळ्यावर असतो. छायाचित्र घेऊन त्याचे विसर्जन करावे. थर्माकोल मात्र ओल्या कचऱ्यात जाऊ देऊ नये.

विशीतली
छायाचित्रात किल्ल्याबरोबर तो करणारे मूलही असू द्यावे. नुसत्या किल्ल्याचे छायाचित्र पुढे कोणी उघडून पाहत नाही.

संत्रानगरी
अबोलीताई, छान मांडणी झाली आहे. एक सुचवते. त्या वरच्या फोल्डरमधील प्रत्येक कागदाच्या साक्षांकित छायाप्रतींचा एक संच गावी किंवा नातेवाइकांकडे ठेवावा. सर्व मूळ कागद आणि सर्व प्रती एकाच कपाटात असतील तर प्रती असून नसल्यासारख्या आहेत.

अबोली
हे नक्की करेन. आता एक शेवटची शंका आहे. सासऱ्यांनी त्यांचा 1964 चा शाळेचा दाखला टिकावा म्हणून लॅमिनेट करून आणला आहे. मुलाच्या दाखल्याचेही पुढे तसेच करावे, असा त्यांचा आग्रह आहे.

आखाती
कृपया करू नका. आम्ही दुबईला आलो तेव्हा मुलीचा शाळा बदलल्याचा दाखला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा क्रमाने साक्षांकित करून घ्यावा लागला, आणि ते शिक्के मूळ कागदाच्या पाठीमागे उमटवले जातात. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, म्हणून तो स्वीकारत नाहीत. आमच्याबरोबर रांगेत असलेल्या एका गृहस्थांना याच कारणासाठी परत जावे लागले.

फाईलवाला
सासऱ्यांचा दाखला मात्र आता सोलून काढण्याचा प्रयत्न करू नये. उष्णतेने चिकटवलेला थर निघताना वरची शाई घेऊनच निघतो. तो आहे तसा राहू द्यावा आणि शाळा चालू असल्यास रजिस्टरच्या उताऱ्यासाठी आत्ताच अर्ज करावा. त्यावर ताजी सही-शिक्का मिळेल आणि वैधतेच्या कामी तो उतारा चालतो. अर्जात दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक लिहायला विसरू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीतही बहुतेक शाळांचे कार्यालय सकाळी काही वेळ उघडे असते.